नवऱ्याचा ‘ब्लाउअर पास’ आणि सांगलीचं लग्न

पत्र थोडक्यात असं: मूळच्या सांगलीच्या एक वाचक न्युरेंबर्गला नोकरी करतात. नवरा सीरियातल्या अलेप्पोचा. तो २०१५ साली जर्मनीत आला, जिनिव्हा कराराखाली त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली आणि प्रवासासाठी एक निळं पुस्तक मिळालं. तिकडे सगळे त्याला ‘ब्लाउअर पास’ म्हणतात. दोघांचं लग्न तीन वर्षांपूर्वी जर्मनीतच नोंदणी पद्धतीने झालं. आता तुळशीचं लग्न झालं की पाठोपाठ यांच्या धाकट्या भावाचं लग्न आहे आणि नवऱ्याला पहिल्यांदाच सांगलीला न्यायचं आहे. ई-व्हिसाचा अर्ज भरायला बसल्या तर गाडी सुरुवातीलाच अडली. मैत्रीण म्हणते, ‘बर्लिनच्या सीरियन वकिलातीतून त्याचा पासपोर्ट काढून घे, म्हणजे कटकट मिटली.’ वडिलांनी भावकीत ‘जावई जर्मन आहे’ असं सांगून ठेवलंय, त्यामुळे अर्जातही तसंच लिहावं असं त्यांचं म्हणणं. आखातातून जाणारं स्वस्त तिकीट दिसतंय. परतताना लंडनला बहिणीकडे उतरायचंही मनात आहे. नवरा मात्र ‘तुला हवं तर काढतो पासपोर्ट, नाहीतर तू एकटी जाऊन ये’ एवढंच बोलतो. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘त्याला माझ्या माणसांत यायचंच नाही का?’

तुमचा शेवटचा प्रश्न मी विसरलेले नाही, पण आधी पासपोर्टचं बोलू. सीरियन वकिलातीची वेळ घेतली असेल तर तूर्त जाऊ नका.

मैत्रीण वाईट हेतूने बोलली नसेल. तिच्या डोळ्यांसमोर आपला भारतीय पासपोर्ट असणार: मुदत संपली की वकिलातीत जायचं, फी भरायची, नवा घ्यायचा. तुमच्या पतींच्या बाबतीत हा साधा कारकुनी व्यवहार नाही. ‘माझ्या देशाचं सरकार माझं रक्षण करणार नाही, मला त्याच्यापासूनच धोका आहे’ हे त्यांचं म्हणणं जर्मनीने तपासून मान्य केलं आणि त्या पायावर त्यांचा आजचा मुक्काम उभा आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराच्या, म्हणजे त्याच जिनिव्हा कराराच्या, पहिल्याच कलमात लिहिलंय की निर्वासिताने आपणहून पुन्हा मायदेशाच्या संरक्षणाचा आधार घेतला, तर त्याचं निर्वासितपण संपू शकतं. पासपोर्ट काढणं हा त्या आधाराचा सगळ्यात ठसठशीत पुरावा मानला जातो. काढला की दुसऱ्या दिवशी दर्जा गेला, असं यंत्रवत घडत नाही. कशासाठी काढला, स्वखुशीने काढला का, हे पाहिलं जातं. पण ‘मेव्हण्याच्या लग्नाला जायला सोपं पडावं म्हणून’ हे उत्तर अधिकाऱ्यासमोर किती टिकेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्यात वेळ नाजूक आहे. ८ डिसेंबर २०२४ ला दमास्कसमधली असद राजवट कोसळली. ज्या सरकारच्या भीतीने ते निघाले तेच उरलं नाही, मग आता कसली भीती, असं तुमच्या मैत्रिणीला वाटणं स्वाभाविक आहे. नेमकं हेच कुठल्याही सरकारी कचेरीलाही वाटू शकतं, कारण परिस्थिती मुळातून बदलली तर संरक्षण काढून घेण्याची तरतूदही त्याच करारात आहे. अशा काळात आपल्या हाताने फायलीत एक कागद वाढवायचा असेल तर आधी वकिलाशी बोला. पैशांची अडचण असेल तर कारितास किंवा डायकोनी या चर्चशी जोडलेल्या मदतसंस्थांच्या सल्ला केंद्रांत विचारा. ‘दोन दिवस अलेप्पोला जाऊन आईला भेटून येऊ’ असा बेत कधी मनात आला, तर त्यालाही हेच लागू. तिथे तर धोका आणखी मोठा, आणि ब्लाउअर पासवर सहसा छापलेलंच असतं की मायदेश सोडून बाकी सगळ्या देशांसाठी वैध.

आता ई-व्हिसा. तो अडला यात तुमची काही चूक नाही. भारताच्या ई-व्हिसाच्या नियमांतच म्हटलंय की ज्यांच्याकडे पासपोर्टऐवजी आंतरराष्ट्रीय प्रवास दस्तऐवज आहे, त्यांना ही सोय नाही. म्हणजे साधा, पुस्तकात चिकटणारा व्हिसा घ्यायचा, आणि तोही वकिलातीमार्फत. न्युरेंबर्ग बायर्न राज्यात येतं, तेव्हा तुमचा अर्ज म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे.

इथे तुमच्या पत्रातलं एक गृहीतक मला हलकेच बाजूला करायचं आहे. तुम्ही लिहिता, ‘डॉक्युमेंट तर जर्मन सरकारनेच दिलंय, मग त्याला जर्मनांसारखं का वागवत नाहीत?’ व्हिसा देणाऱ्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारायच्या असतात: हा माणूस कुठला नागरिक, आणि इथलं काम आटोपल्यावर याला परत कोण घेणार. जर्मन माणसाच्या लालसर पासपोर्टात दोन्हींचं उत्तर एकच असतं. ब्लाउअर पासमध्ये ती उत्तरं वेगळी होतात. नागरिकत्व सीरियाचं, परत घेणार जर्मनी. कराराच्या परिशिष्टातल्या १३ व्या परिच्छेदाप्रमाणे, ज्या देशाने हे पुस्तक दिलं त्याने मुदतीच्या आत धारकाला परत घ्यायचं असतं. हीच त्या पुस्तकाची खरी ताकद. व्हिसा माफ करून घेण्याची ताकद त्यात नाही. प्रत्येक देश आपापल्या नियमाने ठरवतो.

आणि भारत त्या कराराचा सदस्यच नाही, ना १९५१ च्या मूळ कराराचा, ना त्याची व्याप्ती वाढवणाऱ्या १९६७ च्या प्रोटोकॉलचा. याचा अर्थ भारत अशा पुस्तकावर व्हिसा देत नाही, असा नव्हे. अर्थ इतकाच की हक्काने मागण्यासारखं काही नाही, निर्णय सर्वस्वी दूतावासाचा. अर्जदार ज्या देशात राहतो तिथला नागरिक नसेल तर बहुतेक वेळा जादा फॉर्म भरावा लागतो आणि अर्ज पुढे चौकशीला जातो. जर्मन शेजाऱ्याला आठवड्यात मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल, असा हिशेब करू नका. लग्नाची तारीख ठरली आहे ना? मग हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम अर्जाचं.

कुठला व्हिसा मागायचा हेही बघा. तुम्ही टुरिस्ट व्हिसाचंच धरून चालला आहात. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, असं पत्रावरून दिसतं. भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी एन्ट्री व्हिसा म्हणून वेगळा प्रकार असतो, त्याला एक्स व्हिसाही म्हणतात. अर्जासोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि तुमच्या पासपोर्टची प्रत लागते. लग्न झालेल्या माणसाने बायकोच्या घरी जाण्यासाठी मागायचा व्हिसा तोच, असं माझं मत. दूतावासाने टुरिस्टच भरा म्हटलं तर तो भरा. पण अर्ज करण्याआधी एक ई-मेल टाका आणि उत्तर छापून फायलीत ठेवा. मेलमध्ये पाल्हाळ नको. सीरियन नागरिक, जर्मनीने १९५१ च्या कराराखाली दिलेला प्रवास दस्तऐवज, जर्मनीचा निवास परवाना अमुक तारखेपर्यंत, पत्नी भारतीय नागरिक, हेतू कौटुंबिक लग्न. मग तीनच गोष्टी विचारा: या दस्तऐवजावर अर्ज घेता का, कोणत्या प्रकारचा व्हिसा मागावा, साधारण किती वेळ धरावा. ‘माझ्या नवऱ्याला इंडियाचा व्हिसा मिळेल का’ असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येणार.

वडिलांचं म्हणणं. नागरिकत्वाच्या रकान्यात ‘जर्मन’ लिहायचं नाही. अजिबात नाही. भारतीय व्हिसाचा फॉर्म किती खोलात जातो ते तुम्ही कदाचित अजून पाहिलं नसेल, कारण आपल्याला तो भरायची वेळच येत नाही. जन्मगाव, धर्म, अंगावरची खूण, आईवडिलांची नावं, त्यांचं नागरिकत्व, त्यांची जन्मस्थळं, गेल्या दहा वर्षांत कुठेकुठे गेलात, सगळं त्यात येतं. एका रकान्यात जर्मन आणि दुसऱ्यात अलेप्पो, हे खिडकीपलीकडच्या माणसाला दिसायला अर्धा मिनिट पुरतो. दुसरा वैध पासपोर्ट किंवा ओळखपत्र आहे का, असाही एक प्रश्न असतो. तिथे जे खरं असेल ते. खोटी माहिती दिली म्हणून एकदा नकार आला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो निस्तरत बसावा लागतो. असा नकार ओढवून घेण्याइतकं काही अडलेलं नाही.

आणि वडिलांशी एकदा नीट बोला. त्यांना लाज वाटते असं मला पत्रावरून वाटलं नाही. नातेवाइकांच्या प्रश्नांची सरबत्ती टाळायची आहे, एवढंच. त्यांच्या पिढीला निर्वासित म्हणजे कोण हे समजावून सांगावं लागत नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि त्यातून उल्हासनगर उभं राहिलं, हे त्यांना ठाऊक असेल. आणखी जोर हवा असेल तर सांगा, की अशी पुस्तकं १९२२ पासून चालत आली आहेत. नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी सुरू केलेला ‘नान्सेन पासपोर्ट’ संगीतकार स्ट्राविन्स्की आणि चित्रकार शगाल यांच्याही खिशात होता. ‘जावई अलेप्पोचा, न्युरेंबर्गला राहतो’ हे एकच वाक्य सांगलीला पुरे. मांडवात कुणी जावयाचा पासपोर्ट मागत नाही.

आता तुमच्या त्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही त्यांच्या ‘तू एकटी जाऊन ये’चा अर्थ अनिच्छा असा लावला आहे. तसंही असेल, मी त्यांना ओळखत नाही. पण त्यांच्या पहिल्या अर्ध्या वाक्याकडे तुमचं लक्ष गेलं का? ‘तुला हवं तर काढतो पासपोर्ट.’ ज्या कागदावर त्यांचं जर्मनीतलं सगळं उभं आहे, तो पणाला लावायला ते तयार आहेत, तेही तुमच्या भावाच्या लग्नासाठी. ज्याला तुमच्या माणसांत यायचंच नाही तो असं कशाला म्हणेल? मला वाटतं, ते तुमच्यावर निर्णय सोपवून मोकळे होताहेत, कारण स्वतः ‘नको’ म्हटलं तर तुम्ही दुखावाल ही भीती आहे. विमानतळावर असं पुस्तक पुढे केलं की काय होतं तेही त्यांच्या चांगलं ओळखीचं असणार. कर्मचारी पुस्तक उलटसुलट करतो, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघांकडे बघतो, संगणकात नागरिकत्वाच्या जागी देशाऐवजी ‘एक्सएक्सबी’ असा निर्वासितांसाठी ठरवलेला संकेत आला तर वरिष्ठाला बोलावतो, आणि मागची रांग सुस्कारे टाकते. बायकोसमोर आणि तिच्या माहेरच्यांसमोर हे नको, असं एखाद्याला वाटणं मला तरी कळतं. त्यांना सरळ विचारा: व्हिसाचं, रांगेचं सगळं मी बघते असं धर, मग तुला यायचंय का? उत्तर काहीही आलं तरी ते खरं असेल.

तिकिटाचं सांगते. आखातातून जाणारं स्वस्त तिकीट सोडून द्या. एरवी मी कुणाला महागडं तिकीट सुचवणार नाही. कराराच्या सदस्य देशांनी, पुढच्या देशाचा व्हिसा असलेल्या निर्वासिताला वाटेतला व्हिसा द्यावा असं करारात आहे, पण आखातातले अरब देश करारात नाहीत. विमान बदलताना टर्मिनलच्या आतच राहिलात तर बहुधा काही होणार नाही. पुढचं विमान चुकलं, रात्र काढायची वेळ आली की मात्र बाकीचे प्रवासी कंपनीने दिलेल्या हॉटेलात जातील आणि तुमचे पती बाकड्यावर बसतील. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकहून थेट मुंबईचं विमान घ्या. तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढा, किंवा रद्द करता येईल असं काढा. विमान कंपनीलाही आधी कळवा, कारण खरी पहिली चौकी चेक-इनची खिडकी आहे. योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, त्यामुळे तिथली माणसं ‘टिमॅटिक’ या माहितीसाठ्यात बघूनच बोर्डिंग पास देतात. ऑनलाइन चेक-इन अडू शकतं. तीन तास आधी पोहोचा, आणि दूतावासाच्या ई-मेलची प्रत हाताशी ठेवा.

पुस्तकाच्या मुदतीकडे बघा. जर्मनीत ते सहसा ३ वर्षांचं मिळतं. भारताला किमान सहा महिन्यांची शिल्लक मुदत आणि दोन कोरी पानं लागतात. निवास परवान्याचं कार्डही परतीच्या तारखेच्या पुढपर्यंत चालू हवं. ते संपत आलं असेल तर परदेशी नागरिक कार्यालयात भेटीची वेळ मिळायला किती दिवस लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. हे पुस्तक खरोखर करारातलंच आहे ना, याचीही खात्री करा. आत २८ जुलै १९५१ च्या कराराचा उल्लेख असेल. ज्यांना पूर्ण निर्वासित दर्जा न मिळता दुय्यम संरक्षण मिळालं आहे, त्यांच्याकडे वेगळं, करड्या रंगाचं पुस्तक असतं, आणि वर लिहिलेलं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू नाही.

सांगलीला पोहोचल्यावर एक काम तुमच्या वडिलांकडे आहे. परदेशी पाहुणा घरी उतरला की यजमानाने २४ तासांत त्याची नोंद ऑनलाइन करायची असते. हॉटेलवाले ज्याला ‘फॉर्म सी’ म्हणतात तोच प्रकार, घरालाही लागू. लग्नघरात हे कुणाला आठवणार नाही, म्हणून एखाद्या कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याच्या गळ्यात आधीच घाला. निळं पुस्तक आणि कार्ड बॅगेत नव्हे, कपाटात कुलपात ठेवा, प्रती फोनमध्ये ठेवा. हरवलं तर पोलिसात तक्रार करावी लागेल आणि मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाचं दार ठोठवावं लागेल. ते परतीचं बघू शकतील, पण जर्मन नागरिकाला मिळतं तसं संरक्षण हक्काने मागता येत नाही. हेही त्याच परिशिष्टात आहे.

व्हिसा वेळेत नाहीच आला तर? तुम्ही एकट्या जा. मनात किंतू ठेवू नका, तो त्यांच्यावरचा किंवा तुमच्यावरचा ठपका नव्हे. आईवडिलांना पुढच्या उन्हाळ्यात न्युरेंबर्गला बोलवा. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, रांगेत ते उभे राहतील तेव्हा जावयाची बाजू त्यांना न सांगता कळेल. आणि एक विचारते, रागावू नका. २०१५ पासून जर्मनीत असलेल्या माणसाने जर्मन नागरिकत्वाचा अर्ज अजून का केला नाही? जून २०२४ पासून तिथे साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो आणि मूळ नागरिकत्व सोडावं लागत नाही. भाषा, उत्पन्न, ओळखीचे कागद या अटी आहेत आणि निकालाला वेळ लागतो, या लग्नाला त्याचा उपयोग नाही. पण पुढच्या प्रत्येक प्रवासाचा प्रश्न तिथे सुटतो, ई-व्हिसासकट. लग्न डोक्यावर आहे म्हणून हे मागे टाकू नका.

अशी पत्रं फक्त जर्मनीतून येतील असं नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. भारतातले तिबेटी परदेशी जातात ते भारत सरकारच्या पिवळ्या ‘आयडेंटिटी सर्टिफिकेट’वर. भारत करारात नसल्याने तेही करारातलं पुस्तक नव्हे, त्यामुळे ब्लाउअर पासचे नियम त्याला लावायला जाऊ नका. तिथेही ज्या देशात जायचं त्याच्या दूतावासाला दस्तऐवजाचं नेमकं नाव लिहून विचारायचं. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटींना भारतीय पासपोर्टचा मार्ग २०१७ पासून खुला झाला आहे. घरात कुणी त्या वयाचं असेल तर तेही तपासा.

राहिलं लंडन. युरोपच्या आत तुम्ही मोकळेपणाने फिरता, कारण जर्मनीचा निवास परवाना आणि ते पुस्तक मिळून शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस चालतात. ब्रिटन शेंगेनमध्ये नव्हतं आणि नाही. निर्वासितांना एकमेकांच्या देशात व्हिसा लागू नये असा करार युरोपातल्या काही देशांनी १९५९ साली केला होता, पण ब्रिटनने तो २००३ मध्ये स्थगित केला. म्हणजे त्यांना ब्रिटनचा वेगळा व्हिसा, वेगळी फी, आणि अर्जाच्या काळात पुस्तक अडकून पडण्याची शक्यता, तेही भारताच्या व्हिसाची धावपळ चालू असताना. या वेळी लंडन नको. बहिणीलाच न्युरेंबर्गला बोलवा. मात्र तिचा पासपोर्टही अजून भारतीय असेल तर तिलाही शेंगेन व्हिसा लागेल. तिलाही आत्तापासूनच अपॉइंटमेंट बघायला सांगा.